तासाभराचा रंग

गल्लीत तिला सगळे मेंदीमावशी म्हणत. गल्लीभर भाच्या, पण सख्खी भाची एकच, धाकट्या बहिणीची. नेमके त्या एकीचेच हात तिने जाळले.

तीस वर्षं ती नवऱ्यामुलींचे हात रंगवत आली होती. पाला स्वतः वाळवायचा, पावडर वस्त्रगाळ करायची, लिंबाच्या रसात भिजवून मुरू द्यायची. घाई तिला खपत नसे. "रंग उद्या नाही, परवा चढेल. तोवर हाताला साबण लावलास तर याद राख," असा दम ती भल्या भल्या घरच्या लेकींना भरायची. तयार कोनांवर तर तिचा दातच होता. "तासाभरात काळीभोर होते ती कसली मेंदी? केसांचा कलप आहे तो! लावायचीच असेल तर आधी कानामागे टिपका लावा, दोन दिवस थांबा, खाज उठली नाही तर मग काय ते करा." चौकातल्या पार्लरमधल्या पोरी पाठीमागे तिची नक्कल करायच्या आणि गिऱ्हाईकं त्यांच्याकडेच जायची. परवापर्यंत थांबायला वेळ कुणाला होता?

भाची घड्याळांच्या दुकानात काउंटरवर होती. रजा मिळता मिळेना. घरी पोहोचली ती स्वतःच्याच लग्नाच्या आदल्या संध्याकाळी. घरची मेंदी लावली तर उद्या हात नारिंगी दिसणार, हे मावशीला कुणी सांगायला नको होतं. परकी मुलगी असती तर तिने सरळ सुनावलं असतं, उशीर तू केलास, आता नारिंगी तर नारिंगी. पण इथे हॉलभर पाहुणे, त्यात पार्लरवाल्या पोरींनाही आमंत्रण. दिव्याखाली अंधार म्हणायला सगळे टपलेलेच. तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून तयार कोन मागवले.

पहिल्या कोनाचं टोक कापलं आणि उग्र दर्प आला. कलपाचा. ती क्षणभर थांबली. मग उठून तिने खिडकी उघडली, परत येऊन बसली आणि भाचीचा हात मांडीवर घेतला.

खोटं कशाला बोला, नक्षी अप्रतिम उतरली. कोपरापर्यंत चढत गेलेली वेल, पानापानात केसासारख्या शिरा. तासाभरात काळीभोर. बहीण म्हणाली, "ताई, तुझ्या हाताला तोड नाही."

लग्नात भाची सारखी मनगटं खाजवत होती. संध्याकाळपर्यंत रेघेरेघेवर फोड उठले. ते फुटले, चिघळले, तीन आठवडे पट्ट्या बांधाव्या लागल्या. पट्ट्या निघाल्या तेव्हा रंग गेला होता आणि वेल तशीच होती, फुगीर, पांढरट, पान न् पान. डॉक्टर म्हणाले, हे आता जायचं नाही. दुकानाच्या मालकाने भाचीला काउंटरवरून उठवून मागच्या गोदामात बसवलं. गिऱ्हाईक घड्याळाबरोबर मनगटही बघतं, म्हणे.

बहीण कोनवाल्याच्या दुकानात जाऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून आली. "माझ्या ताईला फसवलं मेल्याने! भोळी आहे ती." भोळी ताई शेजारीच उभी होती, मिठाची गुळणी धरून. त्या दिवसापासून तिने मेंदी सोडली. लोकांना वाटलं, दुःखाने. दुःख होतंच, पण त्याहून जास्त भीती होती. बहीण तुटेल, भाची तोंड बघणार नाही, याची.

वर्षभर तिने ते पोटात ठेवलं. भाची दर आठवड्याला यायची, ऐन उन्हाळ्यातही लांब बाह्या घालून. मावशीची औषधं आणायची, चहा करायची.

एका दुपारी भाची ओट्याशी कप विसळत होती. बाह्या वर सारलेल्या होत्या. मावशीला राहवलं नाही.

"बाळ, मला कळलं होतं गं. कोन कापला तेव्हाच वास आला होता मला. तरी लावली."

नळ वाहत राहिला. आता ही ओरडेल, कप आपटेल, निघून जाईल, असं मावशीला वाटलं. शिव्या खायला ती वर्षभर तयार होऊन बसली होती. त्याने निदान मोकळं तरी वाटलं असतं.

भाचीने नळ बंद केला. हात पुसले, बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या.

"वास मलाही आला होता," ती म्हणाली. "पण म्हटलं, मावशी लावतेय ना."