दोन वाटे बोंबील आणि जप्त केलेला फोन

शाळेच्या फाटकाशी रोज सकाळी साडेदहाला मी उभी राहायचे. पर्समध्ये काळ्या रिबिनींचं एक बंडल, सेफ्टी पिना आणि नखं कापायचं यंत्र. मुली रांगेने आत यायच्या आणि मी डोक्यापासून पायापर्यंत एकेकीला बघायचे. एकच वेणी घातली असेल तर बाजूला. लाल रिबिन असेल तर बाजूला. केसांत फूल असेल तर ते काढून माझ्या हातात. किनाऱ्यावरच्या गावांतल्या मुलींच्या केसांत सणावाराला आबोली नाहीतर मोगरा असायचाच, त्यामुळे श्रावणात माझी मूठ अकरापर्यंत भरलेली असायची. ती फुलं मी स्टाफरूमच्या खिडकीत ठेवायचे आणि कामाला लागायचे.

शिस्तीचं खातं मी मागून घेतलं होतं. मी घाटावरची, नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे बोईसरला आले. तारापूरच्या रस्त्यावरच्या या सरकारी माध्यमिक शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा मुलं चपला घालून यायची, शर्टाची बटणं उघडी असायची, आणि मला ते बघवायचं नाही. गरिबाच्या पोराकडे बघताना कोणी आधी कपडे बघू नयेत, म्हणून कपडे नीट हवेत, असं माझं म्हणणं. ते अजूनही आहे. नियमावली मीच लिहिली आणि मुख्याध्यापकांची सही घेऊन प्रत्येक वर्गात चिकटवली. त्यातला नववा नियम मोबाइलचा होता. शाळेच्या आवारात फोन दिसला तर जप्त. पालकांनी स्वतः येऊन लेखी माफी दिल्याशिवाय परत मिळणार नाही. पहिल्या वर्षी कपाटात सतरा फोन जमा झाले आणि मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

नियम लिहिणाऱ्या बाईचं स्वतःचं काय चाललं होतं, तेही सांगते. आमच्या सोसायटीत बायकांचा एक मासळीचा ग्रुप होता. कोणीतरी मला त्यात घेतलं होतं. दुपारी मेसेज यायचा, ‘आज ओले बोंबील, मांदेली. कोणाला किती वाटे?’ आपण आकडा लिहायचा आणि संध्याकाळी सहाला किनाऱ्यावरच्या दांडी गावची एक मावशी पाटी घेऊन गेटवर यायची. वाटा म्हणजे मासळीचा छोटा ढीग. ती वजनावर विकत नसे. घाटावर असताना मी बोंबील कधी खाल्ला नव्हता. इथे आल्यावर असं वेड लागलं की तो मेसेज आला आणि मी वर्गात असले तरी मुलांना निबंध लिहायला लावून टेबलाखाली उत्तर टाकायचे. उशीर झाला तर वाटे संपतात ना! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी नववीला वाक्यात उपयोग करून दाखवली होती. तेव्हा मला काही टोचलं नाही.

त्या दिवशी नववीचा तास संपवून मी दहावीच्या वर्गात गेले. फळ्याकडे वळले तशी मागून फोनची घरघर ऐकू आली. वर्गात माशी शिंकली तरी मला कळते, हा तर फोन. तिसऱ्या बाकावरची मुलगी एकदम ताठ बसली. हुशार मुलगी, गणितात पहिली, माझ्या विषयात शुद्धलेखनाच्या चुका करणारी. दांडीहून यायची. गणवेश कायम धुतलेला, वेण्या घट्ट. मी हात पुढे केला. तिने ओढणीखालच्या खिशातून फोन काढून दिला. चेहरा पांढराफटक पडला होता.

फोन माझ्या हातात पुन्हा घरघरला आणि पडदा उजळला. आमचा मासळीचा ग्रुप होता. शेवटून तिसरा मेसेज, ‘दोन वाटे बोंबील, नक्की ठेव.’ वर नाव होतं, ‘बोंबीलवाल्या मॅडम’. अर्ध्या तासापूर्वी, नववीच्या वर्गातून, टेबलाखालून मी टाकलेला.

मी तिच्याकडे बघितलं. तिने मान खाली घातली. तिला सगळं ठाऊक होतं, पहिल्यापासून. मेसेज तीच पाठवायची. बाप होडीवर. होडी किनाऱ्याच्या टापूत आली, नेटवर्क मिळालं, की तो फोन करून काय घावलं ते सांगायचा. ही मधल्या सुट्टीत ग्रुपवर टाकायची, उत्तरं यायची ती शेवटच्या तासापर्यंत गोळा करायची आणि आईच्या बटणांच्या फोनवर सांगायची, अमक्या बिल्डिंगला इतके वाटे. आईला वाचता येत नव्हतं. हे मला पुढे कळलं. त्या क्षणी कळलं ते इतकंच, की मी पकडले गेले आहे, आणि मला पकडणारी ही मुलगी ते कोणाला सांगणार नाही.

मी काय करायला हवं होतं, हे आता सांगायला सोपं आहे. मी केलं ते असं. फोन बंद केला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि म्हटलं, “पालकांना घेऊन ये.”

संध्याकाळी सहाला सोसायटीच्या गेटवर बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या. मावशी आली नाही. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. शेजारीण म्हणाली, “काय झालं असेल हो? तुम्हाला काही मेसेज?” मी म्हटलं, “नाही हो.” आणि घरी येऊन पिठलं टाकलं. ते खोटं बोलल्याची लाज मला आजही वाटते, फोन घेतल्याच्या लाजेपेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी तिच्या शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, “ती नाय येनार आता, मॅडम. तिची आय बोलली, साळा पुरे जाली.”

दिवाळी होऊन गेली होती. दहावीच्या परीक्षेचे फॉर्म भरायचे होते आणि हजेरी कमी पडली की फॉर्म अडतो. एवढं वर्ष गेलं तर ही मुलगी परत येत नाही. अशा चार मुली मी पाहिल्या आहेत. त्या बाजारात भेटतात, हसतात, कडेवर मूल असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि सकाळी उठले ती ठरवूनच. काहीही होवो, ही मुलगी मार्चमध्ये परीक्षेला बसणार.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मी कपाटातून तो फोन काढला आणि रिक्षाने दांडीला गेले. पालक आल्याशिवाय फोन द्यायचा नाही, हा माझाच नियम. तो मोडायला इतका वेळ लागला याचाच राग येत होता.

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, जबडे एकमेकांत अडकवून जोडीजोडीने टांगलेले. मुलगी दोरीशी उभी होती. अंगात शाळेचा कुडता. ‘गणवेश शाळेबाहेर वापरू नये’, नियम पाचवा, माझ्या जिभेवर आला आणि मी तो गिळला. आई ओट्यावर बसली होती. मला बघून तिचा चेहरा उजळला.

“तू हाय काय बाय! यवढ्या लांब बोंबलासाठी आलीस?”

“नाही मावशी. मी हिच्या शाळेतली आहे.”

मी फोन पुढे केला. तिने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग लेकीकडे. लेक दोरीकडे बघत होती.

“म्हंजे बोंबीलबी तूच मागितलेस नि फोनबी तूच घेतलास?”

“हो.”

“त्या दिवशी पाटी भरून बसलेली मी. पोरीचा फोन लागंना. कोनाला किती द्यायचा मला काय ठाव? शेवटी सगला माल बंदरावरच व्यापाऱ्याला टाकला, तो देईल त्या भावान. नियम कोनाचा हाय?”

“माझाच.”

ती हसली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. “फूल तू काढतेस पोरीचा. रिबीन तू बघतेस. समदा केला ना आमी तू सांगितला तसा? तोंडातून येक सबूद नाय काडला कदी. आता आयक. फोन घरी ठेवला तर धंदा बुडतो. पोरीला घरी ठेवली तर साळा बुडते. तू शिकलेली हायस, तूच सांग, काय बुडवू?”

 मी मुलीला विचारलं, “तुला काय करायचंय?”

ती पहिल्यांदा बोलली. “आयटीआयला जायचंय मॅडम. इलेक्ट्रिशियन. दहावीचे मार्क लागतात.” आणि पुन्हा बोंबील सरळ करायला लागली. 

“मावशी, काहीच बुडवायचं नाही,” मी म्हटलं. “मला आठ दिवस द्या.”

“घे,” ती म्हणाली. “बोलाया काय जाता.”

सोमवारी मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि नववा नियम बदला म्हणून अडून बसले. ते भले गृहस्थ, पण जीव मुठीत धरून चालणारे. म्हणाले, “मॅडम, नियम तुम्हीच लिहिलात. उद्या कोळगावच्या जिल्हा कार्यालयातून कोणी तपासायला आलं तर मी काय सांगू?” मी म्हटलं, मीच सांगेन. त्यांनी शिक्षकांची सभा बोलावली.

सभेत माझं म्हणणं साधं होतं. ज्या मुलाच्या घरच्या कामाला फोन लागतो, त्याच्या पालकांकडून एकदा लिहून घ्यावं. लिहिता येत नसेल तर अंगठा घ्यावा. सकाळी फाटकाशी टेबल ठेवावं, फोन तिथे जमा व्हावा, वहीत नोंद व्हावी. मधल्या सुट्टीत आणि शेवटच्या तासाआधी क्लार्कच्या समोर दहा मिनिटं वापरावा, परत ठेवावा. विज्ञानाचे सर उसळले. “आज मासे विकतील, उद्या रील काढतील. बोट दिलं की हात धरतात. आणि एका मुलीसाठी एवढं कशाला?”

आता सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी उभी राहिले आणि सांगितलं, की त्या फोनवर शेवटून तिसरा, ‘बोंबीलवाल्या मॅडम’ या नावाचा मेसेज माझा होता, नववीच्या तासाला टाकलेला. तिने नियम मोडला तो पोटासाठी, मी मोडला तो जिभेसाठी. शिक्षा तिला झाली.  मग कोणीतरी हसू दाबलं, दोन दिवस मला स्टाफरूममध्ये ‘बोंबीलवाल्या मॅडम’ ऐकावं लागलं, आणि नाकाला मिरच्या झोंबल्या तरी मी ऐकलं. टेबलाचा ठराव झाला. त्यात मी एक ओळ जास्तीची घातली होती, की शिक्षकांचेही फोन त्याच टेबलावर जमा व्हावेत. ती मात्र सगळ्यांनी मिळून पाडली. “आमचं पुढे बघू,” असं ठरलं. माझं काम झालं होतं, मुलगी येणार होती, म्हणून मी फार ताणलं नाही. खरं सांगायचं तर मलाही जरा सुटल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी पुन्हा दांडीला जाऊन आईचा अंगठा आणला. नवी पद्धत समजावून सांगितली. तिने दोन प्रश्न विचारले. क्लार्क दहा मिनिटं व्हायच्या आधीच हुसकावून तर नाही ना लावणार, हा पहिला. दुसरा विचारला तेव्हा मी रिक्षाकडे निघाले होते. “आनि तुमचा मास्तरांचा फोन?” मी म्हटलं, “ते ठरतंय अजून.” तिने अंगठ्याची शाई पदराला पुसली.

सोमवारी फाटकाशी टेबल मांडलं. कोरी वही, दोरीला बांधलेलं पेन, पत्र्याचा डबा. रांगेत ती दिसली. धुतलेला कुडता, घट्ट वेण्या, काळ्या रिबिनी.  तिने फोन टेबलावर ठेवला. मी वही तिच्याकडे सरकवली.

तिने पेन उचललं नाही. फाटकाच्या रुळाच्या बाहेरच उभी राहिली.

“काय झालं?”

“आईनं सांगितलंय,” ती म्हणाली. आवाज बारीक होता पण मागच्या रांगेला ऐकू जाईल इतका. “मॅडमचा फोन डब्यात जाताना बघ, मगच आत जा. नायतर परत ये.”

मागे साठ-सत्तर मुलं उभी होती. विज्ञानाचे सर व्हरांड्यात हाताची घडी घालून उभे होते. मी पर्स उघडली, फोन काढला, बंद केला आणि डब्यात ठेवला. वहीच्या पहिल्या ओळीवर माझं नाव लिहिलं. तिने ते वाचलं, खाली स्वतःचं लिहिलं, आणि आत आली.