एका नर्समागे सहा रुग्ण

भांडुपच्या एका हॉस्पिटलात नर्सच्या कामाच्या ताणावर संशोधन चाललं होतं. मी फॉर्म वाटायला होतो आणि माझी ताई तिथेच नर्स होती. मेट्रनने, म्हणजे मुख्य नर्सबाईंनी, सगळ्या नर्सना समोर बसवून फर्मावलं, “नियमाप्रमाणे एका नर्समागे रुग्ण सहा, असंच लिहा.” ताईच्या वॉर्डात ती एकटी आणि रुग्ण सव्वीस होते.

“खरं लिही ना गं, फॉर्मवर नाव नाहीये,” मी कुजबुजलो.

“अरे शहाण्या, माझं अक्षर मेट्रन रोज वाचतात. तू फॉर्म वाटून निघून जाशील, मला उद्या इथेच यायचंय.”

तिने सहा लिहिलं.

गठ्ठा संशोधक बाईंना देताना मी म्हटलं, “हे सगळं खोटं आहे.” त्यांनी फॉर्म चाळले. “सगळ्यांची उत्तरं जुळतायत की! छान डेटा आहे.”

मला किळस आली. मी गठ्ठा परत मागितला, तर त्यांनी हसून तो कपाटात ठेवला.