चालू मशीन

आमच्या हॉस्पिटलचे सर्व्हर सांभाळणारे काका नेहमी उभ्यानं काम करायचे आणि एंटर दाबण्याआधी प्रत्येक ओळ पुटपुटत वाचायचे. मी तिथल्या रक्तपेढीत होते.

एका दुपारी कामाचा भार वाढून आमची व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारा कॉम्प्युटर, गुदमरली. अपघातातल्या एका बाईसाठी रक्ताची पिशवी तयार होती, पण कॉम्प्युटरची मंजुरी येईना.

"रिस्टार्ट करा," मॅनेजर ओरडले.

"नाय साहेब. आयसीयू बी ह्याच्यावरच हाय. बंद न करता प्रोसेसर वाढवतो."

त्यांनी कीबोर्डवरूनच एकेक प्रोसेसर जोडला. प्रत्येक वेळी थांबून, काही बंद पडलं नाही ना, ते पाहिलं. शेवटी मंजुरी आली. मी पिशवी घेऊन धावले, तर त्या बाईच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता.

परतल्यावर काकांनी विचारलं, "पोचली का येळंवर?"

"पोचली," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम रक्तपेढीत आले.

"मला कळलं, ताई. ती बाई आधीच गेली व्हती. तुमी माज्यासाठी खोटं बोललात." मग दाराकडं बघत म्हणाले, "रिस्टार्ट केलं असतं तर लवकर झालं असतं का, तेवढं मात्र मला कधी इचारू नका."