संकष्टीचा बटाटा आणि त्यावरचे बीन्स

माझं ऑपरेशन नीट व्हावं म्हणून बायकोने संकष्टीचे उपास धरले. ते नीट झालं, तेव्हा मीच म्हणालो, "आता मीही करतो तुझ्याबरोबर." तिचा चेहरा असा काही खुलला, की पुढे माघार घ्यायची सोयच उरली नाही.

उपास मोडला इंग्लंडातल्या ब्रॅकनेलला, ऑफिसच्या कँटीनमध्ये. आधी नुसता जॅकेट पोटॅटो घेतला, सालासकट भाजलेला; बटाटा उपासाला चालतोच. पुढच्या महिन्यात त्यावर टोमॅटोच्या रसातले बीन्स आले. मग बटाटा गेला आणि सँडविच आलं. माझं काम पेरोलचं. टॅक्स किती कापला, पेन्शनचे किती गेले, हे लोकांना समजावायचं. संध्याकाळी मात्र घरी उपाशी चेहरा करून बसायचो, आणि मोदक गिळताना मनातून मेल्यासारखं व्हायचं. वर्षानुवर्षं हे चाललं.

मुलगी इथेच वाढलेली, ए-लेव्हलला, म्हणजे अकरावी-बारावीला, फिलॉसॉफी शिकते. परवाच्या संकष्टीला ताटं वाढल्यावर ती टेबलाशी बसून म्हणाली, "आज डिडक्शन शिकवला. एक रूल, एक फॅक्ट, मग आन्सर आपोआप येतो. उपास करणारे लोक मून कधी येणार ते विचारतात. आई चारपासून विचारते. बाबा कधीच विचारत नाही. सो, बाबाचा उपास नाहीये."

"विसरत असतील," बायको म्हणाली.

"भूक लागलेली माणूस विसरते?"

मी पाण्याचा ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला. "तिचं बरोबर आहे. मी ऑफिसात जेवतो. अगदी पहिल्यापासून."

आता ही उठून जाणार, असं वाटलं. पण तिने शांतपणे विचारलं, "अहो, तुमच्या ताटात मोदक किती असतात?"

"दोन."

"आणि माझ्या?"

मी कधी बघितलंच नव्हतं. पाच होते.

"आधी मी तुम्हालाही पाचच वाढायचे. दोनावर अडायचात. जेवून आलेल्या माणसाला कशाला वाढायचे? तीन कापले."

"मग बोलली का नाहीस?"

"दिवसभर दुसऱ्यांची कपात समजावता. म्हटलं, स्वतःची कधी कळते बघू."

मुलगी हसून हसून टेबलावर आडवी झाली. बायकोही हसत होती. मग डोळे पुसत म्हणाली, "उपास माझा आहे, तुमच्यासाठी. तुम्ही दोन्हीकडे जेवता, म्हणजे तो फळला ना."

पुढच्या संकष्टीला मी दुपारी उघडपणे बीन्स खाल्ले आणि घरी येऊन स्वतः मोदक वळले. बरेचसे वाफेत फुटले. बायको उपाशी होती, चंद्राची वाट बघत होती. त्या दिवशी चंद्र कधी येणार, हे सगळ्यांच्या आधी मी विचारलं.