पडीक ठेवायला जमीन कुठंय?

जपानमधल्या २०११च्या भूकंपानंतर घरचे रोज फोन करून ‘परत ये’ म्हणत होते, तेव्हाही सुचेता कारखानीस क्योतोतून हलली नाही. मातीच्या अभ्यासात डॉक्टरेट करायला आलेली ही पुण्याची मुलगी. भित्री नव्हती, पण भांडखोरही नव्हती.

२०१२ साली सेन्सेईंनी, म्हणजे तिच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी, तिला बुरुंडीला पाठवलं. आफ्रिकेतला चिमुकला, गरीब देश. डोंगरउतारांवर माणसं दाटीवाटीनं राहतात. पावसात माती वाहून जाते, पीक घटत जातं. त्यावर उपाय शोधायचा होता. एस्पेरान्स नावाच्या विधवेच्या शेतात सुचेता चार महिने राबली. शेत बास्केटबॉलच्या मैदानाहून थोडं मोठं, आणि त्यावर सात तोंडं.

परतल्यावर सेन्सेईंच्या गटानं केलेल्या अहवालाचा मसुदा हाती आला. शिफारस होती : उतारावरची निम्मी जमीन तीन वर्षं पडीक ठेवावी.

बैठकीत सगळे माना डोलावत होते. सुचेता उभी राहिली.

“सेन्सेई, तीन वर्षं एस्पेरान्सनं मुलांना काय खायला घालायचं?”

“कारखानीस-सान, आपण मातीबद्दल बोलतोय.”

“पडीक ठेवायला त्यांच्याकडे जमीन कुठंय? बांधावर चाऱ्याचं गवत लावलं की माती थांबते, शेळीचंही भागतं. तिथल्या बायका हे करतायत. मी मोजलंय.”

“एका हंगामाचं मोजमाप पुरेसं नाही.”

“मग आणखी मोजू. पण या शिफारशीखाली माझं नाव नको.”

अहवाल तिच्या नावाशिवाय गेला. पुढच्या दौऱ्यातूनही तिला वगळलं. ओसाकाला कंपनीत असलेला तिचा नवरा विनय वैतागला.

“नाव राहू द्यायचं होतंस. तुझ्या नकारानं काय अडलं?”

“मला झोप लागते अजून,” ती म्हणाली.

मग तिनं एस्पेरान्सला निरोप धाडला. गावातल्या शिक्षिकेच्या फोनवरून दर मोठ्या पावसानंतर तिचं आणि तिच्या शेजारणींचं मोजमाप येऊ लागलं : बांधामागे किती बोटं माती साचली. आणखी दोन हंगाम गेले. प्रबंध वर्षभर लांबला. या मोजमापांवरचं प्रकरण गाळायचा सल्ला सेन्सेईंनी दिला. तिनं गाळलं नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “अशिक्षित बायकांच्या बोटांवर विश्वास कसा ठेवायचा?”

“माझं मोजमाप चुकलं तर पदवी जाईल, सर. त्यांचं चुकलं तर जेवण जाईल. जास्त काळजीनं कोण मोजेल?”

पदवी मिळाली. अहवालातली शिफारस मात्र तशीच राहिली. सुचेतानं ते प्रकरण बुरुंडीच्या कारभाराच्या भाषेत, फ्रेंचमध्ये, करून घेतलं आणि तिथल्या एका शेतकी संस्थेला पाठवलं. उत्तर आलं नाही, तेव्हा दुसऱ्या संस्थेला पाठवलं.