बॉबिनचं माप

एक्स-रेमध्ये मांजराच्या पोटातली सुई इतकी स्वच्छ दिसत होती, की शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांनी तिचा नंबरही ओळखला. काजं करायची. ओळखल्यावर ते म्हणाले, "माझी नाही. माझ्या सहाही सुया जागेवर आहेत. रोज संध्याकाळी मोजतो."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. मांजरीला, बॉबिनला, ऑपरेशनसाठी आत नेलं.

मास्तर बत्तीस वर्षं कोट शिवतात. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. गिऱ्हाईक कधी कोट तंग होतो म्हणून आलंच, तर मास्तर त्याच्या पोटाकडे नुसतं बघतात; गिऱ्हाईक निघून जातं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी सुयांची उशी पुढ्यात घेतली. पाच. पुन्हा मोजल्या. पाचच. गेली कित्येक वर्षं आपण सुया मोजत नव्हतो, उशी नुसती थोपटत होतो, हे त्यांना तेव्हा कळलं. ते स्टुलावर बसले आणि जेवायला हाक आली तरी उठले नाहीत.

सुई निघाली, हातभर दोराही निघाला. बॉबिन गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं घालून घरी आली. जखम चाटू नये म्हणून ते घातलेलं. ती दाराच्या चौकटीवर आपटायची, मशीनच्या पायावर आपटायची, मग भिंतीकडे तोंड करून बसायची. बशीकडे बघायचीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "आज संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या. पोट परत उघडून बघावं लागेल."

"परत?" मास्तरांचा आवाज फाटला. "त्या नरसाळ्यामुळे खात नसेल हो ती. त्याऐवजी अंगात काही शिवून घातलं तर?"

"चालेल. जखम झाकली गेली म्हणजे झालं."

मास्तरांनी टेप काढली. छाती, पोट, पाठ, चारही पायांचे घेर. मऊ अस्तराचं कापड घेतलं आणि तासाभरात अंगरखा तयार केला. नरसाळं काढून तो बॉबिनला चढवला, पाठीवर नाड्या बांधल्या. कुठे सुरकुती नाही.

"फिटिंग बघ," ते बायकोला म्हणाले.

"माझा एक ब्लाउज असा बसेल तर शपथ."

"तू कधी मापाला गप्प उभी राहिलीस?"

त्यांनी बॉबिनला खाली ठेवलं. ती क्षणभर उभी राहिली. मग फळी कलंडावी तशी कुशीवर कलंडली. पाय ताठ, डोळे उघडे. मास्तरांनी तिचा पंजा उचलला. सोडला तसा तो पडला.

"अगं," मास्तर म्हणाले. "अगं, गेली. सुईनं राहिलं होतं ते मी कापडानं केलं."

बायकोनं फोन लावून स्पीकरवर टाकला.

"श्वास चालू आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बायकोनं वाकून बघितलं. "चालू आहे."

"मग कपडा तंग झालाय."

"तंग नाही," मास्तर खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. "बरोब्बर आहे."

"मास्तर, तिला लग्नाला जायचं नाहीये. मांजराच्या अंगाला कापड आवळलं की ते असंच आडवं होतं. मेली नाही ती. सैल करा."

मास्तर जमिनीवर गुडघे टेकून बसले. चष्मा लावला. छोट्या कात्रीनं दोन्ही बाजूंची शिवण उसवताना तिचं टोक असं भलतीकडे जात होतं, की बायकोनं बॉबिनऐवजी त्यांचंच मनगट धरलं. मग मोठमोठे धावदोरे घालून त्यांनी बाजू दोन-दोन बोटं सैल केल्या.

आधी एक कान हलला. मग शेपटी. बॉबिन उठली, तिरकी तिरकी चालत बशीपाशी गेली, वास घेतला आणि मास्तरांकडे बराच वेळ बघत राहिली. मग खाली मान घालून खायला लागली.

"खातेय हो!" बायको म्हणाली.

मास्तर तसेच जमिनीवर बसून होते, कात्री हातातच.

"पाठीवर फुगलंय," अखेर ते म्हणाले. "गोणपाट घातल्यासारखं दिसतंय."

"दिसू दे."

त्यांचा हात चुणी सारखी करायला अर्ध्यावर गेला. बॉबिन खाता खाता थांबली. मास्तरांनी हात मागे घेतला, मांडीखाली घालून त्यावर बसले म्हणा ना, आणि ती पुन्हा खायला लागेपर्यंत श्वासही घेतला नाही.