पिठावरचं पाखरू

करडी गावच्या कुंताबाईच्या घरात शिरलेल्या किड्यामुंगीची कधी धडगत नसे. पाल असो, झुरळ असो, की पारावर बसून फुकाच्या गप्पा छाटून घरी आलेला नवरा असो, तिच्या झाडणीपुढे सगळे सारखे. नवरा म्हणजे केवळराम. त्याचा सारा जीव धानात. गावाने सरकारी बियाणं घेतलं, तरी हा बापाच्या वेळची लुचई ही जुनी धानाची जात सोडेना. कापणीआधी बांधीत, धानाच्या वाफ्यात, फिरून एकेक लोंब निवडायचा, ते बीज बांबूच्या वेगळ्या ढोल्यात भरायचा आणि तो ढोला स्वतः शेणाने लिंपायचा. गावात लुचईचं बीज आता त्याच्याकडेच उरलं होतं.

शहात्तर सालच्या पुसात, म्हणजे पौषात, केवळराम गेला. ढोल्याच्या खोलीतच गेला. रिवाजाप्रमाणे तिथे तांदळाचं पीठ पसरलं, दिवा ठेवला, वरून टोपली झाकली. गेलेल्याला पुढे कोणता जन्म मिळाला ते पिठावरच्या पावलांवरून कळतं, अशी समजूत. सकाळी शेजारच्या म्हाताऱ्या शकुनबाईने टोपली उचलली. पिठात एक चिमुकलं पाखरू, म्हणजे पतंग, बसलं होतं. धानाच्या तुसाच्या रंगाचं, तुसाएवढंच, पंख अंगाशी मिटलेलं. मागे पावलांची बारीक रेघ.

"पाखराचा जलम भेटला वो कुंता," शकुनबाई म्हणाली.

तेव्हापासून झाडणी थंडावली. भिंतीवर तसलं पाखरू दिसलं की कुंताबाई अंग चोरून बाजूने जाई. दिव्याभोवती घिरट्या घालू लागलं, तर "पोळसान नं जी," म्हणत वात बारीक करी. ज्याच्याशी जन्मभर धड गोड बोलली नाही, त्याच्याशी आता रोज बोलायची. तिला बरं वाटायचं, अगदी मनापासून बरं वाटायचं.

उन्हं तापली तशी पाखरं वाढली. मुलगा घनश्याम म्हणाला, "माय, हे धानातलं पाखरू आहे. ढोला खोलून पाहू दे."

"बापाले मारतं का रे?"

"एवढ्या साऱ्यायत बाबा कोणता, माय?"

कोणता ते ओळखू येईना, म्हणून तिने एकालाही मारू दिलं नाही. ढोल्याला हात लावू देणं तर दूरच.

अकिती आली. अक्षय तृतीयेच्या त्या सणाला पितरांना जेवू घालायचं आणि बीज पुजायचं. कुंताबाईने स्वतः ढोला उघडला. पाखरांचा लोट तोंडावर आला. तिने ओंजळभर धान काढलं, तर ते भलतंच हलकं लागलं. दाण्यादाण्याला गोल भोक. एका भोकात काहीतरी हललं. आधी डोकं, मग पाय, मग चुरगळलेले पंख ओढत तेच पाखरू बाहेर आलं आणि तिच्या तळहातावर बसलं. थोड्या वेळाने पंख मिटले, तसं त्याच्यात आणि तुसात काही फरक राहिला नाही.

कुंताबाईला उमगलं. पुसातलं ते पाखरू याच ढोल्यातून दिव्याच्या उजेडाला आलं होतं. नवरा म्हणून पाखरांच्या ज्या जातीला जपलं, तिनेच नवऱ्याचं बीज फस्त केलं होतं, आणि तिने ते करू दिलं होतं. तिने मूठ आवळली. मग तिथेच बसून ती ओक्साबोक्शी रडली. केवळराम गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

धान पाण्यात टाकलं. पोकळ दाणे तरंगले, बुडाशी जेमतेम दोन मुठी राहिले. रोपांसाठी तेवढ्याचे पऱ्हे तिने बांधीच्या एका कोपऱ्यात टाकले आणि राखण केली. कापणीआधी स्वतः फिरून लोंबी निवडल्या. पुढे दरवर्षी ती बीज कडक उन्हात घाली, आणि पाखरू दिसलं की जागीच चिरडी.

शकुनबाईला ते पाहवेना. "कुंता, पाप लागन वो. एखाद्या टायमाले थो केवळरामच असन तं?"

"असू दे," कुंताबाई म्हणाली. "त्यायले जिवापक्षा बीज प्यारं होतं. थेच म्हणतीन, मार."